एक मिलिमीटर पोर्ट वर गेला की गाडीचं काय होतं?

यामाहा आरएक्स 100 चं उत्पादन 1996 मध्ये थांबलं, तरी पुण्या-कोल्हापूरच्या गॅरेजांत तिचा ब्लॉक उतरवून, डाय ग्राइंडर (धातू घासायचं फिरतं हत्यार) घेऊन बसलेला मेकॅनिक आजही दिसतो. गिऱ्हाइकाची मागणी एकच: पोर्टिंग करा, म्हणजे सिलिंडरमधल्या वायूच्या वाटा घासून मोठ्या करा, गाडी पळाली पाहिजे. चांगलं काम झालं तर गाडी पळतेही. प्रश्न आहे तो कुठल्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना) पळते, आणि त्याआधी काय करते.

या टू-स्ट्रोक इंजिनाच्या सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात, त्याच पोर्ट. पिस्टन खाली येताना आधी एक्झॉस्ट पोर्ट उघडतो आणि जळका वायू बाहेर पडतो. थोड्या वेळाने ट्रान्सफर पोर्टमधून ताजं मिश्रण आत येतं. पिस्टन वर जाताना ट्रान्सफर आधी बंद होतात, एक्झॉस्ट नंतर. मधल्या वेळात ताजं पेट्रोल थेट सायलेन्सरमध्ये निसटू शकतं. सगळी गोम इथेच आहे.

आरएक्स 100 चा बोअर (सिलिंडरचा व्यास) 50 मिमी आणि स्ट्रोकही (पिस्टनचा वर-खाली प्रवास) 50 मिमी. एक्झॉस्टची वरची कड 1 मिमी घासली, तर इंजिनाच्या 360 अंशांच्या एका फेरीत पोर्ट सुमारे सव्वादोन अंश आधी उघडतो आणि तितकाच उशिरा बंद होतो, म्हणजे एकूण साडेचार अंश जास्त. अंश तेच राहतात, वेळ मात्र आरपीएमवर ठरतो. समजा पोर्ट 170 अंश उघडा राहतो. 3000 आरपीएमला त्याला साडेनऊ मिलिसेकंद मिळतात, 9000 ला जेमतेम तीन. त्या तीन मिलिसेकंदांत सिलिंडर रिकामा व्हायचा तर पोर्ट उंच हवा. पण तोच उंच पोर्ट 3000 ला गरजेपेक्षा जास्त वेळ उघडा राहतो. पिस्टनला ढकलणारा दाब लवकर सुटतो, मिश्रण निसटतं, कॉम्प्रेशनही उशिरा सुरू होतं.

म्हणूनच अशी गाडी सिग्नलवरून उचलत नाही. मागे कोणी बसलं असेल आणि खंबाटकीचा चढ असेल, तर गिअर पाडत, क्लच दाबत जावं लागतं. मग ठरावीक आरपीएमला एकदम झटका येतो. मूळ गाडी 11 अश्वशक्ती 7500 ला द्यायची आणि टॉर्कचं (इंजिनाच्या ओढीचं) शिखर 6500 ला होतं. रोजच्या वापरात तिची गोडी या मधल्या पट्ट्यात होती. माझ्या मते पोर्टिंगमध्ये पहिला बळी तिचाच जातो. मायलेज जातं ते वेगळंच.

वरच्या आरपीएमला निसटलेलं मिश्रण परत ढकलायचं काम सायलेन्सर करतो. पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन यांनी सायलेन्सरच्या आकारातून परत येणारी दाबाची लाट नेमकी वेळेवर पोर्टपाशी आणली. 1961 मध्ये त्यांच्या 125 सीसी इंजिनाने इंजिनाच्या दर लिटर क्षमतेमागे 200 अश्वशक्ती गाठली. पण ही लाट ठरावीक आरपीएमच्या पट्ट्यातच वेळेवर पोचते. त्यामुळे पोर्ट उंच आणि सायलेन्सर मूळचाच, हे अर्धवट काम झालं. रेसट्रॅकवर अरुंद पट्टा चालतो, कारण तिथे आरपीएम खाली येऊच देत नाहीत.

यामाहाने पुढे यावर फिरता पॉवर व्हॉल्व्ह काढला: कमी आरपीएमला पोर्टची वरची कड खाली, जास्त आरपीएमला वर. आरएक्सला तो नाही. तिथे एकच उंची निवडावी लागते.

रोज ऑफिसला न्यायची गाडी असेल तर मी उंचीला हात लावू देणार नाही. ट्रान्सफरचं तोंड क्रँककेसशी (सिलिंडरखालच्या इंजिनाच्या पेटीशी) आणि मधल्या गॅस्केटशी जुळवा, कास्टिंगचे खडबडीत उंचवटे काढा, बस. पोर्टच्या कडांना हलका चॅम्फर (धार मारलेला उतार) मात्र हवाच, नाहीतर पिस्टनची रिंग कडेला अडकून तुटते. आणि ग्राइंडर लावण्याआधी सिलिंडरमध्ये कागद गुंडाळून पेन्सिल घासा, म्हणजे पोर्टचा मूळ नकाशा कागदावर उतरतो. पोर्ट जास्त घासला गेला तर नवा स्लीव्ह (सिलिंडरच्या आतली नळी) बसवायला लागतो, आणि तेव्हा मापं याच कागदावरून घेता येतात.