एक गोळी बंद होते, बाकीच्या का नाही

आमच्या रामबागेतल्या काकांना मेंदूचा पहिला झटका, म्हणजे स्ट्रोक, आला तेव्हा डावा हात लुळा पडला होता, जीभ जड झाली होती, पण तीन आठवड्यांत ते बरेच सावरले. डॉक्टरांनी रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या दिलेल्या, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, त्यातली एक २१ दिवसांनी बंद केली. काकू ती स्ट्रिप स्टीलच्या डब्यातून काढत होती तेव्हाच काका म्हणाले, "बघ, एक सुटली, आता बाकीच्या पण सुटतील." पुढे बीपी १३० आलं म्हणून बीपीची सोडली, मग कोलेस्टेरॉलची, आणि आठव्या महिन्यात दुसरा झटका. आता ते बोलत नाहीत, नुसते बघतात. ती एक गोळी का बंद झाली हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नाही, आणि ते मला फार लागलंय, म्हणून हे लिहितेय.

आपल्याकडे इंदूरला अजूनही सरळ लकवा म्हणतात, आणि लकवा म्हणजे नशीब, मालिश करा आणि वाट बघा. डॉक्टरांकडे तरी पूर्वी फार काय होतं? मेंदूत गुठळी अडकलीय की नस फुटलीय हे जिवंत माणसात खात्रीने कळायचंच नाही. १९७१ मध्ये लंडनजवळ पहिल्या पेशंटचा सीटी स्कॅन झाला तिथून ते बदलायला लागलं. गुठळीवाल्याला अ‍ॅस्पिरिन तारतं, पण नस फुटली असेल तर तेच अंगावर येऊ शकतं, म्हणून आधी स्कॅन.

अ‍ॅस्पिरिनची गोष्ट त्याच्याही आधीची आहे. कॅलिफोर्नियातले एक साधे डॉक्टर, लॉरेन्स क्रेव्हन, त्यांना दिसलं की टॉन्सिल काढल्यावर जे पेशंट दुखतं म्हणून अ‍ॅस्पिरिनवालं च्युइंगगम जास्त चघळतात त्यांना रक्तस्राव जास्त होतो. मग हेच औषध गुठळी रोखेल का, असं त्यांच्या मनात आलं आणि १९५० च्या दशकात त्यांनी ते लिहूनही ठेवलं, पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही. खरा पुरावा आला १९७८ मध्ये कॅनडातून, हेन्री बार्नेट यांच्या अभ्यासातून, ५८५ पेशंट, सगळ्यांना आधी छोटा झटका किंवा त्याची चाहूल येऊन गेलेली. अ‍ॅस्पिरिनवाल्यांमध्ये पुढचा स्ट्रोक किंवा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. (बायकांमध्ये तेव्हा फायदा दिसला नाही, त्यामुळे अमेरिकेत १९८० ला परवानगी फक्त पुरुषांसाठी मिळाली, बायकांना थेट १९९८ पर्यंत थांबावं लागलं. हे वाचून मला वाईट वाटलं.) आणि आपण म्हणतो रक्त पातळ होतं, पण पाणी घातल्यासारखं काही होत नाही, रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे गुठळी बनवणाऱ्या बारीक पेशी, एकमेकींना चिकटायच्या कमी होतात, बस.

बीपीबद्दल तर कितीतरी डॉक्टरच घाबरायचे, की झटक्यानंतर प्रेशर उतरवलं तर मेंदूला रक्त कमी पडेल. तो प्रश्न २००१ मध्ये प्रोग्रेस नावाच्या अभ्यासाने बराचसा सोडवला, ६,१०५ पेशंट, बीपीच्या औषधांनी दुसरा स्ट्रोक २८ टक्क्यांनी कमी, आणि महत्त्वाचं म्हणजे ज्यांचं बीपी आधी वाढलेलं नव्हतं त्यांनाही फायदा झाला. म्हणजे काकांचं १३० आलं ते गोळीमुळे आलं होतं, गोळी नको म्हणून नव्हे. २००६ मध्ये कोलेस्टेरॉलच्या गोळीचं, अटोर्वास्टॅटिनचंही तसंच झालं, स्ट्रोक १६ टक्के कमी. आकडा छोटा वाटतो, पण हे सगळं एकावर एक जमत जातं.

आता ती बंद झालेली गोळी. २००४ च्या एका मोठ्या अभ्यासात अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही लांबवर चालू ठेवली तर फायदा खास वाढला नाही, जीवघेणा रक्तस्राव मात्र वाढला. दुसरीकडे धोका सगळ्यात जास्त पहिल्या काही दिवसांतच असतो हे स्पष्ट होत गेलं, आणि २०१३ मध्ये चीनमधल्या ५,१७० पेशंटवर दाखवलं गेलं की छोट्या झटक्यानंतर २४ तासांच्या आत दोन्ही सुरू करून २१ दिवस दिल्या तर ९० दिवसांत स्ट्रोक ११.७ वरून ८.२ टक्क्यांवर येतो. म्हणून २१ दिवस दोन, नंतर एक. काका बरे झाले म्हणून ती सुटली नव्हती, रक्तस्रावाच्या भीतीने काढली होती.

आपल्या देशातही ३१ हॉस्पिटलांत, १२ भाषांत, औषधं सुटू नयेत म्हणून पेशंटना एसएमएस, व्हिडिओ आणि पुस्तिका देऊन बघितलं, २०२३ ला निकाल आला, वर्षभरात पुढच्या झटक्यांत फरक पडला नाही. मला वाटतं मेसेज फोनवर येतो आणि डबा स्वयंपाकघरात असतो.

सकाळच्या पोह्यांवर आता शेव नसते, काकूने स्वतःचीही सोडलीय. आणि डब्याच्या झाकणावर तिने कागद चिकटवलाय, प्रत्येक गोळीसमोर कशासाठी ते, आणि खाली, "डॉक्टर स्वतः म्हणेपर्यंत काढायची नाही".