गुडघ्यातलं वंगण आणि सुश्रुतांच्या सात कला

सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांचं गुडघ्याचं दुखणं जुनंच. मांडीवर सूप घेऊन दिवस दिवस जमिनीवर बसायचं, आणि उठताना गुडघा कटकन वाजतो. ‘वंगण संपलंय’ असंच सगळ्या म्हणतात. सुश्रुतसंहिता या आयुर्वेदातल्या प्राचीन ग्रंथात, शरीररचनेवरच्या शारीरस्थान या भागात, चौथ्या अध्यायात, जवळपास हेच लिहिलंय: आसाला तेल लावलं की चाक नीट फिरतं, तसे श्लेष्म्याने, म्हणजे कफाने, वेढलेले सांधे नीट चालतात. शरीरातल्या आतल्या पडद्यांना तिथे कला म्हटलंय; हे वर्णन चौथ्या कलेचं, श्लेष्मधरेचं.

धातू (रक्त, मांस, मेद यांसारखे शरीराचे घटक) आणि त्यांचे आशय (ते राहतात त्या जागा) यांच्यामधली मर्यादा म्हणजे कला. स्नायूंनी (इथे अर्थ तंतुमय पट्ट्या) झाकलेली, जरायूसारख्या, म्हणजे गर्भावरच्या वेष्टनासारख्या, पडद्याने व्यापलेली, श्लेष्म्याने गुंडाळलेली. अशा सात: मांसधरा, रक्तधरा, मेदोधरा, श्लेष्मधरा, पुरीषधरा (पुरीष म्हणजे मळ), पित्तधरा आणि शुक्रधरा. ही मांडणी नुसत्या तर्कातून आलेली वाटत नाही. पुढच्याच अध्यायात प्रेत मुंज गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात ठेवायला सांगितलंय. सात रात्रींनी ते कुजलं की वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासत त्वचेपासून एकेक थर पाहायचा. अशा घासण्यात पातळ पडदे नजरेला पडणारच.

रोजच्या चिकित्सेत सर्वांत जास्त काम पडतं ते पित्तधरेशी. आमाशय (जठर) आणि पक्वाशय (मोठं आतडं) यांच्यामधली ही कला म्हणजेच ग्रहणी. अन्न पचेपर्यंत धरून ठेवायचं आणि पचलं की पुढे सोडायचं, हे तिचं काम. तिचं बळ म्हणजे अग्नी, पचनशक्ती. म्हणून जेवल्यावर लगेच पळावं लागणाऱ्या रुग्णात वैद्य नुसते जुलाब थांबवत नाहीत, आधी अग्नी सुधारतात. ग्रहणीच्या विकारात ताकाला एवढा मान आहे तो याचमुळे.

सुश्रुतसंहितेच्याच कल्पस्थानात, म्हणजे विषांवरच्या भागात, याच कला विषाच्या संदर्भात येतात. सापाचं विष एकेक कला ओलांडतं आणि दरवेळी नवा वेग, म्हणजे लक्षणांचा पुढचा टप्पा, दिसतो. तिथे धातूंचा क्रम जुळावा म्हणून बाराव्या शतकातले टीकाकार डल्हण यांनी पुरीषधरेला अस्थिधरा आणि पित्तधरेला मज्जाधरा मानलं. अर्थात आज शेतात साप चावला तर वेग मोजत बसायचं नाही. प्रतिविष असलेलं रुग्णालय तातडीने गाठायचं.

युरोपात झाव्हिए बिशा या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने शरीरातल्या पडद्यांची वर्गवारी छापली ती 1800 च्या सुमारास. पुढे आपल्याकडेही कलांचा आधुनिक शरीररचनाशास्त्राशी मेळ घालणं सुरू झालं. सुश्रुताच्या शारीरस्थानावरची डॉ. भास्कर गोविंद घाणेकरांची हिंदी टीका विद्यार्थी अजून वाचतात. श्लेष्मधरा म्हणजे सांध्यातलं वंगण स्रवणारं सायनोव्हियल आवरण, हे सहज पटतं. पण शुक्रधरा सर्व शरीरभर सांगितली आहे; तिच्यासाठी एखादा पडदा शोधायचा हट्ट मला पटत नाही. आणि गुडघ्यातसुद्धा बहुतेक वेळा झिजते ती कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, वंगण नव्हे. श्लेष्मधरेचं नाव घेऊन नुसतं तेल चोळत राहण्याआधी एक्स-रे काढायला हवा.