मार्कर वाळला म्हणण्याआधी

“परवाच घेतला आणि आजच वाळला.” काउंटरवर हे वाक्य आलं की आमच्या तोंडून आपोआप एकच प्रश्न निघतो: कोणत्या कागदावर वापरलात? समोरच्याला राग येतो. तक्रार मार्करची, आणि हे कागदाचं काय विचारतायत! राग रास्त आहे, पण प्रश्नही रास्तच आहे. दर वेळी तेच समजावण्यात तुमचा वेळ जातो आणि मागे उभ्या असलेल्यांचाही, म्हणून एकदा लिहून काढलं. हे पत्रक मार्करसोबत पिशवीत टाकतो. वाचून टाकून दिलंत तरी चालेल, न वाचता टाकू नका.

चित्रं रंगवायच्या अल्कोहोल मार्करच्या, म्हणजे ज्याची शाई अल्कोहोलमध्ये विरघळलेली असते त्याच्या, नळीत मोकळी शाई नसते. आत तंतूंची घट्ट वात असते, शाईने भिजलेली, आणि दोन्ही बाजूंची टोकं त्या एकाच वातीत रुतलेली असतात. दिव्याच्या वातीत तेल चढतं तशी शाई टोकाकडे सरकते. आता कागद म्हणजेही तंतूच. टोक कागदाला टेकलं की ओढाताण सुरू होते, आणि कागद तहानलेला असला की दर वेळी कागदच जिंकतो. तुम्ही एक चौकोन रंगवता, कागद चार चौकोनांची शाई पितो. मग पट्टे दिसतात, म्हणून तुम्ही पुन्हा फिरवता, कागद पुन्हा पितो. मार्कर “वाळतो” तो असा.

मागे एक विद्यार्थिनी अख्खं आकाश रंगवलेला कागद घेऊन आली होती. ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन ३०० ग्रॅम, म्हणजे जाड), खडबडीत पोताचा, जलरंगाचा कागद. स्वस्तातला नव्हे, चांगला. वरच्या कोपऱ्यात निळा रंग भरदार, मध्यावर पट्टे, खाली नुसते ओरखडे. मार्करचं ब्रशटोक भिंगाखाली धरलं तर जुन्या दात घासायच्या ब्रशसारखं पिंजारलेलं. तिचं म्हणणं, मार्कर खराब निघाला, बदलून द्या. आम्ही तोच मार्कर मार्करच्या कागदाच्या तुकड्यावर ओढला: जरा फिका, पण सलग पट्टा आला. मग तिचा कागद उलटा केला. मागेही तेच आकाश, पुढच्यापेक्षा किंचित फिकं. शाई कुठे गेली हे सांगायची वेळ आलीच नाही.

जाड कागद म्हणजे चांगला कागद, हा हिशेब जलरंगापुरता ठीक आहे. त्या कागदाला पाणी धरून ठेवायचं असतं. मार्करच्या कागदाचं काम उलटं, शाई वर थोपवून धरायचं. म्हणून मार्कर पॅडचा कागद साधारण ७० जीएसएमचा, हाताला अगदी पातळ लागतो, आणि “एवढ्या पातळ कागदाचे एवढे पैसे?” हा आमच्याकडचा दुसरा ठरलेला प्रश्न. पैसे जाडीचे नाहीत. त्या कागदावर शाई आत शिरू नये म्हणून प्रक्रिया केलेली असते, बऱ्याचदा मागच्या बाजूला लेप असतो. पॅडमध्ये जी बाजू वर असते तीच वापरायची. पान फाडून घेतलं आणि बाजू विसरलात, तर कोपऱ्यात एक ठिपका देऊन बघा. त्यातही चार-पाच थर चढवलेत तर थोडं मागे उतरतंच, तेव्हा खाली एक रद्दी कागद असू द्या.

मार्कर पॅडचा एक तोटाही सांगून टाकतो, नंतर “सांगितलं नाहीत” नको. शाई वरच राहते, त्यामुळे रंग झगझगीत दिसतो आणि मार्कर पुरतो, पण दोन छटा एकमेकींत मिसळायला हवा तेवढा ओलावा फार वेळ टिकत नाही. ज्यांचं सगळं काम छटा मिसळण्याचंच आहे, चेहरे, कापडाच्या घड्या वगैरे, त्यांना आम्ही गुळगुळीत ब्रिस्टल (चित्रकामाचा जाडसर, ताठ कागद) किंवा २५० जीएसएमच्या आसपासचं गुळगुळीत कार्ड सुचवतो. शाई थोडी जास्त लागते, पण मिसळण छान येते. रोजच्या सरावाला पॅड, पक्क्या कामाला कार्ड, असं आमचं मत. वहीचा कागद, झेरॉक्सचा कागद, हातकागद यांवर शाई फुटते. रेघेच्या बाहेर केसासारख्या मुळ्या पसरतात, मग कोणाचाही हात कितीही साफ असो.

कागद बरोबर असूनही शाई फुटत असेल तर रंग रेघेपर्यंत नेऊ नका. १ मिलिमीटर अलीकडे थांबा. उरलेलं अंतर शाई स्वतः चालते.

आडवा ठेवा

कागदाइतकाच वेळ या दोन शब्दांवर जातो. मार्कर पेनस्टँडमध्ये उभे छान दिसतात, रंगांची रांग लागते, फोटोही सुरेख येतो. पण दोन टोकांचा मार्कर उभा ठेवला की शाई खाली उतरते. वरचं टोक कोरडं पडतं, खालचं तुडुंब भरतं, आणि उघडल्याबरोबर कागदावर टपोरा डाग पडतो. शिवाय ब्रशटोक वर आणि चपटं टोक खाली, असंच बहुतेकांचं असतं, म्हणजे ज्या टोकाने काम करायचं नेमकं तेच उपाशी.

असा मार्कर घेऊन कोणी आलं की आम्ही तो काउंटरवर आडवा ठेवतो आणि थोडं थांबायला सांगतो. फारच कोरडं पडलेलं असेल तर ते टोक खाली करून रात्रभर ठेवायला सांगतो, टोपण लावून. “वाळलेले” म्हणून आलेले कितीतरी मार्कर एवढ्यानेच लिहिते झाले आहेत. ज्या दिवशी आणला त्याच दिवशी परत घेऊन जाताना माणूस जरा ओशाळतो, पण त्याची गरज नाही, आडवा ठेवायचा हे डबीवर ठळक लिहिलेलं नसतंच.

आणि टोपण. “टक्” असा आवाज येईपर्यंत दाबा, दोन्ही बाजूंचं. अल्कोहोल पाण्यापेक्षा फार लवकर उडतं. आवाज न आलेलं टोपण हे उघडं टोपण. बंद गाडीत उन्हात मार्कर ठेवू नका, आणि रंगवताना खिडकी उघडी असू द्या. वास सौम्य असला तरी तो अल्कोहोलचाच, शिवाय ज्वालाग्राही आहे, लहान मुलांच्या हाती सोडायची वस्तू नाही.

उघडलेला मार्कर आम्ही परत का घेत नाही, यावर नाराजी असते. एकदा कागदाला लागलेल्या टोकात शाई किती उरली हे बाहेरून दिसत नाही, आणि तुम्ही परत केलेला मार्कर दुसऱ्या कोणाला नवा म्हणून देणं आम्हाला जमणार नाही. त्याऐवजी आम्ही घेतानाच प्रत्येक मार्कर तुमच्यासमोर दोन्ही टोकांनी ओढून दाखवतो. त्या वेळी “राहू द्या, घाईत आहे” म्हणू नका. ती १० सेकंदं तुमच्याच फायद्याची आहेत. स्वतःचा कागद आणलात तर उत्तम, त्याच्यावरच ओढून बघा.

किती रंग घ्यायचे

१००-१५० रंगांचा संच मागायला येणाऱ्याला आम्ही आधी थोडे घ्या असं सांगतो, तेव्हा तो आमच्याकडे संशयाने बघतो. दुकानदार कमी घ्या म्हणतोय म्हणजे माल संपलेला असणार! माल आहे. पण मोठ्या संचातले बरेचसे भडक रंग वर्षभर टोपणातच राहतात, आणि ज्या चार-पाच करड्या व मातकट छटा रोज लागतात त्या आधी संपतात. एक रंग एकटा फारसं काही करत नाही. त्याच कुळातल्या तीन पायऱ्या हव्यात: फिकी, मधली, गडद. अशी तीन-चार कुळं, दोन-तीन करडे आणि एक रंगहीन ब्लेंडर (छटांचे काठ मऊ करणारा बिनरंगाचा मार्कर), एवढ्यावर एखादं अख्खं चित्र उभं राहतं. एकाच मार्करचा थर वाळल्यावर पुन्हा तोच फिरवला तर छटा गडद होते, म्हणजे हातातल्या रंगांपेक्षा कागदावर जास्तच छटा मिळतात.

सुट्टे घेताना क्रमांक वाचायला शिका. कॉपिक या जपानी मार्करमध्ये, जे १९८७ साली बाजारात आले आणि आज ज्यांत ३५८ रंग आहेत, क्रमांकातच सगळं लिहिलेलं असतं. अक्षर म्हणजे रंगाचं कूळ. पहिला आकडा रंग किती शुद्ध आणि किती मळकट ते सांगतो, जितका लहान तितका तेजस्वी. शेवटचा आकडा फिका-गडद सांगतो, मोठा म्हणजे गडद. त्यामुळे ई ३१, ई ३३, ई ३५, ई ३७ ही एका मातकट तपकिरीचीच जिन्याची पायरी-पायरी, हात धरून उतरावं तशी. शेवटच्या आकड्यात दोनचं अंतर ठेवलंत तर छटा वेगळी कळते आणि मिसळतेही. इतर कंपन्यांचे क्रमांक या पद्धतीचे असतीलच असं नाही, तिथे क्रमांकावर विसंबू नका.

टोपणाच्या रंगावर तर मुळीच विसंबू नका. टोपण प्लॅस्टिकचं, रंग शाईचा, दोघांची गाठ पडेलच असं नाही. घरी गेल्यावर पहिलं काम: तुम्ही जो कागद वापरणार त्याच कागदाच्या पट्टीवर प्रत्येक मार्करचा एक चौकोन, खाली क्रमांक, आणि वाळू द्या. ओला असताना रंग गडद दिसतो, वाळला की उजळतो. “दुकानात वेगळा होता” ही तक्रार निम्मी इथेच मिटते.

रंगहीन ब्लेंडरबद्दल एक वाक्य, कारण तोही परत येतो. “यातून रंगच येत नाही.” येणार नाही. त्यात रंग घातलेलाच नसतो, नुसतं द्रावण असतं. तो खोडरबरही नाही. तो कागदावरच्या रंगाला बाजूला ढकलतो, काठ मऊ करतो, फिकट ठिपके पाडतो.

मिसळण्याची गोम एकच: काठ वाळू द्यायचा नाही. फिकी छटा आधी, भरपूर. ती ओली असतानाच मधली तिच्यात शिरवा, मग पुन्हा फिकी घेऊन दोघींच्या शिवेवर छोटे गोल फिरवा. फोन आला तर चित्र आधी, फोन नंतर. फिक्या मार्करच्या टोकाला गडद रंग लागला की तो बिघडला असं समजू नका. रद्दी कागदावर रेघा ओढत राहा, टोक स्वतःच स्वच्छ होतं.

बाह्यरेषेसाठी पाण्याला आणि अल्कोहोलला न हलणाऱ्या रंगद्रव्याचा लायनर, म्हणजे बारीक टोकाचं रेघांचं पेन, वापरा आणि तो पूर्ण वाळू द्या. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, बरेचसे जेलपेनही पसरतात, आणि मग गालावर काळा ओघळ उतरतो. पेन्सिलीची रेघ रंगाखाली अडकली की खोडता येत नाही, तेव्हा रंगाआधीच हलकी करून घ्या. पांढरं जेलपेन मात्र सगळ्यात शेवटी, वरून.

चित्रं विकणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं. मार्करवर “परमनंट” लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ पाण्याने जात नाही एवढाच. उन्हाने जातं. या शाईत रंगद्रव्य नसून विरघळलेला रंग असतो, आणि उजेडात तो हळूहळू उडतो. थेट उन्हाच्या भिंतीवर मूळ चित्र लावू नका, मिळाल्या दिवशीच स्कॅन करा, आणि ग्राहकाला हे आधी सांगा. आम्ही तुम्हाला सांगतोय तसंच.

रिफिल आणि सॅनिटायझर

रिफिल मिळणारे मार्कर सुरुवातीला महाग वाटतात, पण ज्यांचं टोक चिमट्याने निघतं आणि नवं बसतं, ज्यांची शाईची बाटली सुटी मिळते, ते वर्षानुवर्षं चालतात. शाई थेंब थेंब घाला, मध्ये थांबा, वातीला पिऊ द्या. घाई केलीत तर दुसऱ्या टोकातून ठिबकते. भरल्यावर आडवा ठेवा आणि थोडा वेळ हात लावू नका.

हँड सॅनिटायझर मात्र घालू नका. “त्यातही अल्कोहोलच असतं ना?” असतं, पण सोबत पाणी असतं, घट्ट करणारा पदार्थ असतो, ग्लिसरीन असतं. ते वातीत जाऊन बसलं की टोक चिकट होतं आणि शाई पुढे सरकत नाही. नुसतं स्पिरिट घातलंत तर शाई पातळ होते, आणि तो मार्कर पुन्हा आपल्या क्रमांकाचा रंग देत नाही. अशा मार्करसाठी आमच्याकडे उपाय नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे काउंटरवर वाद नको. दुसऱ्या कंपनीची शाई भरून देण्याचंही आम्ही टाळतो. जमलं तर जमलं, पण बिघडलं तर बोलणी आम्हालाच बसतात.

तक्रार घेऊन याल तेव्हा मार्करबरोबर तो कागदही आणा, रंगवलेला, फाटला-चुरगळला असेल तसाच. आम्हाला त्याची मागची बाजू बघायची असते. चार प्रकारच्या मार्कर कागदांचे तुकडे काउंटरच्या टोकाला ट्रेमध्ये ठेवलेले आहेत. त्यांतला हवा तो उचला, आवडेल तो मार्कर मागा आणि ओढून बघा. त्याचे पैसे पडत नाहीत.