वणवा विझल्यानंतर प्राणी परत कधी येतात? थोडी पार्श्वभूमी

वणव्याची बातमी आली की पहिला प्रश्न किती प्राणी मेले हाच असतो आणि तो साहजिकच आहे, पण अधिवासाचं काय झालं हे त्या आकड्यावरून कळत नाही, त्यासाठी वर्षं जावी लागतात, कधी कधी शंभराच्या वर. हे समजायलाच माणसाला खूप वेळ लागला, म्हणून जरा मागे जाऊन बघू.

अमेरिकेत १९१० च्या ऑगस्टमध्ये आयडाहो-मोंटाना भागात दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळालं, आग विझवणारी कितीतरी माणसं गेली, आणि तिथल्या वनखात्याने धसकाच घेतला. तेव्हापासून आग म्हणजे शत्रू, दिसली की विझवा. १९३५ मध्ये तर नियमच झाला की आज दिसलेली आग उद्या सकाळी १० च्या आत आटोक्यात आली पाहिजे. गंमत नाही, खरंच असा नियम होता आणि अनेक वर्षं चालला. त्याच काळात हर्बर्ट स्टॉडर्ड बॉबव्हाइट नावाच्या लाव्यांचा अभ्यास करून सांगत होते की दक्षिणेतल्या पाइनच्या रानात अधूनमधून हलकी आग फिरली नाही तर खालचं झुडूप माजतं आणि या पक्ष्याला राहण्यासारखं काही उरत नाही. ऑस्ट्रेलियातले आदिवासी तर हजारो वर्षं ठरवून, तुकड्यातुकड्याने रान जाळत आले होते, त्यांचंही कुणी ऐकलं नाही.

मग १९६३ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ स्टार्कर लिओपोल्ड यांच्या समितीने नॅशनल पार्कमधल्या वन्यजीवांवर रिपोर्ट दिला, त्यात आगी दडपल्याने रान बदलतं हेही मांडलं, १९६८ मध्ये हे पार्क सांभाळणाऱ्या पार्क सर्व्हिसची पॉलिसी बदलली आणि विजेने लागलेल्या काही आगी जळू द्यायला सुरुवात झाली. खरी परीक्षा झाली १९८८ मध्ये, यलोस्टोनचा सुमारे ३६ टक्के भाग त्या उन्हाळ्यात आगीच्या तडाख्यात सापडला आणि पार्क संपलं असंच लोक म्हणायला लागले. पण तिथल्या हजारो एल्कपैकी (एल्क म्हणजे मोठ्या हरणांची एक जात) प्रत्यक्ष आगीत मेले ते शेकड्यांत, तेही बहुतेक धुराने गुदमरून, जास्त मेले ते पुढच्या हिवाळ्यात, कारण आधी दुष्काळ होता, त्यात चाराही जळून गेला आणि थंडी कडक पडली. म्हणजे ज्वाळेपेक्षा नंतरची उपासमार जास्त मारते, आणि हे अजूनही बातम्यांत येत नाही याचं मला वाईट वाटतं.

तिकडे लॉजपोल पाइनचे राळेने बंद झालेले शंकू उष्णतेने उघडले आणि राखेत बी पडलं. जळक्या खोडांत अळ्या झाल्या की काळ्या पाठीचे सुतारपक्षी येतात, काही वर्षं त्यांची चंगळ, मग खोडं जुनी झाली की तेही पुढच्या जळालेल्या रानाकडे जातात. मिशिगनमधला कर्टलँड्स वॉर्बलर हा छोटा पक्षी तर साधारण ५ ते २० वर्षं वयाच्या जॅक पाइनच्या रानातच घरटं करतो, त्याहून मोठं रान त्याला चालत नाही. आगी बंद झाल्या, शिवाय काऊबर्ड नावाचे दुसरे पक्षी कोकिळेसारखे त्याच्या घरट्यात अंडी घालायला लागले, आणि १९७४ मध्ये गाणारे नर उरले १६७. पुढे मुद्दाम कोवळी पाइनची रानं तयार केली, काऊबर्ड पकडले, तेव्हा कुठे २०१९ मध्ये तो संकटग्रस्त यादीतून बाहेर आला.

पण हे वाचून आग चांगलीच असं कुणी धरून बसू नये. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियातला लेडबीटर्स पॉसम हा झाडावर राहणारा छोटा प्राणी म्हाताऱ्या झाडांच्या ढोलीत राहतो आणि तिथल्या माउंटन अॅश या उंच निलगिरीला अशी ढोली व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागतात. १९३९ च्या वणव्यानंतर उभी राहिलेली मेलेली झाडं त्याला कित्येक दशकं पुरली, ती हळूहळू कोसळायला लागली आणि नवी झाडं अजून ढोलीच्या वयाची झाली नव्हती, तेवढ्यात २००९ चा वणवा आला. या झाडाला पुरेसं बी धरायलाच साधारण २० वर्षं लागतात, त्याच्या आत दुसरी आग आली तर माउंटन अॅशचं जंगल तिथून जातं, बाभळीच्या जातीची झाडं जागा घेतात.

म्हणून दोन आगींमधलं अंतर हाच सगळ्यात मोठा मुद्दा आहे असं माझं ठाम मत आहे, आणि हवामान तापतंय तसं नेमकं तेच अंतर कमी होतंय. दुसरं म्हणजे मधेमधे न जळालेले तुकडे, ओढ्याकाठचे, खडकांमधले, वाचलेले प्राणी तिथूनच परत पसरतात. २०१९-२० च्या ऑस्ट्रेलियातल्या आगींचा जवळपास ३ अब्ज प्राण्यांना फटका बसला, मेले किंवा विस्थापित झाले, आणि वाचलेल्यांना उघड्या रानात लपायला जागा नाही म्हणून मांजरं आणि कोल्हे सहज टिपतात. अशा वेळी मांजरं-कोल्हे आवरणं आणि जळकी खोडं लाकडासाठी लगेच तोडून न नेणं ही दोन कामं पहिल्या काही महिन्यांतच करावी लागतात, नंतर करून फारसा उपयोग नाही.