अतिनील फिल्टरसाठी निकेल सल्फेटचे क्रिस्टल

निकेल सल्फेट हेक्झाहायड्रेट, म्हणजे सहा पाण्यांचं निकेल सल्फेट, हा निळसर हिरवा, काचेसारखा आरपार दिसणारा क्रिस्टल, पाण्यातल्या द्रावणातून वाढवतात आणि अतिनील म्हणजे यूव्ही प्रकाशाच्या फिल्टरमध्ये वापरतात. सूर्याचा साधारण २८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या खालचा प्रकाश वर ओझोनमध्येच अडतो, त्यामुळे त्या पट्ट्यात जमिनीजवळ भर दुपारीसुद्धा अंधारच, आणि या अंधारात क्षेपणास्त्राच्या मागची ज्वाळा लगेच उठून दिसते, फक्त सेन्सरवर पडणारा बाकीचा उजेड आधी गाळून टाकावा लागतो.

हे गाळणं होतं पाण्यामुळे. निकेलच्या आयनभोवती पाण्याचे सहा रेणू बसलेले असतात आणि या रचनेत ३९५ नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा नि साधारण ६५० ते ७२० मधला लाल प्रकाश शोषला जातो, यूव्हीची खिडकी उघडी राहते, पण ५०० जवळ एक हिरवी खिडकीही उरते, जी फिल्टरला नको असते. मॉस्कोच्या शुब्निकोव्ह क्रिस्टलोग्राफी इन्स्टिट्यूटमध्ये यासाठी निकेल-कोबाल्टचे मिश्र क्रिस्टल वाढवले, कोबाल्ट ५१० जवळ शोषतो म्हणून. कल्पना फार सुंदर आहे, पण दोन्ही धातू सारख्या प्रमाणात आत जात नाहीत, थराथराला प्रमाण बदलतं, ताण येतो आणि आत द्रावणाचे थेंब अडकतात.

दुसरी अडचणही पाण्याचीच. साध्या हेक्झाहायड्रेटचं पाणी ७३ अंश सेल्सिअसच्या आसपास सुटायला लागतं, आणि उन्हात उभ्या यंत्राच्या आत तापमान तिथवर जाऊ शकतं. पाणी गेलं की क्रिस्टल पांढुरका पडतो, मग फिल्टर कसला. म्हणून पोटॅशियम निकेल सल्फेट घेतात, ते टटन मिठं नावाच्या दुहेरी सल्फेटांपैकी, ९७ अंशांच्या आसपास टिकतं. माझ्या मते या सगळ्या विषयातली खरी झुंज या वीसेक अंशांसाठीच आहे.

वाढवायची रीत सोपी वाटते पण अंत बघते. शुद्ध पाण्यातून साधा हेक्झाहायड्रेट हवा तर साधारण ३१.५ ते ५३.३ अंशांतच काम करायचं, खाली गेलं तर सात पाण्यांचा हेप्टाहायड्रेट येतो. संपृक्त द्रावण गाळून घ्यायचं, छोटा स्वच्छ सीड क्रिस्टल, ज्याच्यावर मोठा क्रिस्टल वाढतो, तो नायलॉनच्या दोऱ्याला बांधून सोडायचा आणि बाथचं तापमान दिवसाला अंशाच्या काही दशांशांनीच उतरवायचं. घाई केली की तळाशी भलतेच बारीक दाणे पडतात, बाथ जरा जास्त तापला तर सीडच विरघळून दोऱ्यातून निसटतो आणि आठवड्यांची मेहनत जाते. निकेलची मिठं विषारी आहेत, ग्लोव्हज घालायलाच हवेत.

तयार क्रिस्टलची रचना एक्सरे डिफ्रॅक्शनने बघतात, पातळ चकती कापून पॉलिश करून स्पेक्ट्रोफोटोमीटरवर खिडक्या मोजतात, आणि टीजीए नावाच्या तापवत वजन मोजणाऱ्या यंत्रात हळूहळू तापवत वजन कुठे घटायला लागतं ते पाहतात, तिथेच कळतं की पाणी कुठपर्यंत टिकलं.