अनोळखी हाकेला ओ न देणारं दार

घरच्या कॉम्प्युटरवर एक व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर) चालू आहे, कामाचं सगळं त्यात मांडलेलं आहे आणि तुम्ही आहात बाहेरगावी, हातात फक्त लॅपटॉप. त्या मशीनपर्यंत पोचायचा सगळ्यात सोपा वाटणारा मार्ग पाच मिनिटांत तयार होतो. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन पोर्ट फॉरवर्डिंग (क्रमांक दिलेल्या दारावर, म्हणजे पोर्टवर, बाहेरून आलेली वाहतूक घरातल्या मशीनकडे वळवणं) चालू करायचं आणि विंडोजचा रिमोट डेस्कटॉप असेल तर ३३८९, एसएसएच (आज्ञा टाइप करून दूरचं मशीन चालवायची पद्धत) असेल तर २२, व्हीएनसी (दूरच्या मशीनचा पडदा दाखवणारी पद्धत) असेल तर ५९०० हे पोर्ट थेट व्हीएमकडे वळवायचं. जोडणी होते, कामही होतं. पण आता ते दार साऱ्या जगासाठी उघडं असतं.

आयपीव्ही४ या इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीत एकूण पत्ते आहेत सुमारे ४२९ कोटी. या गर्दीत आपलं घर कोणाला सापडणार, असं वाटणं साहजिक आहे. पण २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन तयार केलं. एक साधा कॉम्प्युटर आणि गिगाबिटची जोडणी एवढ्यावर ते ४५ मिनिटांच्या आत सगळ्या सार्वजनिक पत्त्यांवरचं एखादं पोर्ट ठोठावून येतं. त्यामुळे उघड्या २२ क्रमांकाच्या लॉगमध्ये थोड्याच वेळात रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट अशा नावांनी पासवर्ड चाचपल्याच्या ओळींची रांग लागते. पोर्ट २२ ऐवजी २२२२ केलं तर ही वर्दळ कमी होते, धोका कमी होत नाही.

पासवर्ड लांबलचक ठेवला तरी भागत नाही, कारण लॉगिनचा पडदा हासुद्धा एक प्रोग्रॅमच असतो आणि त्यालाही भोकं असतात. मे २०१९ मध्ये उघड झालेली ब्लूकीप ही त्रुटी विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये होती. पासवर्ड विचारला जाण्याआधीच मशीनचा ताबा घेता येईल, अशी ती होती. मायक्रोसॉफ्टला तेव्हा आधार बंद केलेल्या एक्सपीसाठीही दुरुस्ती द्यावी लागली. व्हीएनसीची गोष्ट आणखी नाजूक: त्याच्या जुन्या, मूळ पद्धतीत पासवर्डची फक्त पहिली आठ अक्षरं धरली जातात.

म्हणून व्हीएमचं कुठलंच पोर्ट बाहेर दाखवू नये. बाहेर दिसावं ते फक्त व्हीपीएनचं, म्हणजे दोन मशीनमधल्या एन्क्रिप्ट केलेल्या बोगद्याचं, एक पोर्ट, आणि तेही असं की अनोळखी माणसाने हाक मारली तर आतून आवाजच येऊ नये. वायरगार्ड नेमकं हेच करतं. जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलेलं हे साधन मार्च २०२० मध्ये लिनक्स कर्नलच्या ५.६ आवृत्तीत सामील झालं. येणाऱ्या पहिल्या पॅकेटमध्ये (माहितीच्या तुकड्यात) त्या सर्व्हरच्या सार्वजनिक चावीवरून काढलेली खूण असावी लागते. ती नसेल तर पॅकेट गुपचूप टाकून दिलं जातं, नकारसुद्धा पाठवला जात नाही. बाहेरून चाचपणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही.

व्हीपीएन कुठे बसवायचं, हा पुढचा प्रश्न. व्हीएमच्या आत बसवू नका. व्हीएम अडकलं की तुमचा रस्ताही त्याच्याबरोबर अडकतो आणि ते पुन्हा चालू करायला घरी कोणीतरी लागतं. राउटरमध्ये वायरगार्डची सोय असेल तर ती जागा उत्तम, नाहीतर होस्ट, म्हणजे ज्या कॉम्प्युटरवर व्हीएम चालतं तो.

त्याआधी व्हीएमचं नेटवर्क कोणत्या प्रकारचं आहे ते पाहा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये नव्या व्हीएमला बहुधा नॅट (होस्टच्या आडून बाहेर जाणारं नेटवर्क) मिळतं आणि आत पत्ता दिसतो १०.०.२.१५. हा पत्ता घरातल्या दुसऱ्या मशीनलाच काय, होस्टलाही थेट गाठता येत नाही. ब्रिज प्रकार निवडला की व्हीएमला राउटरकडून स्वतंत्र पत्ता मिळतो. तो राउटरमध्ये राखून ठेवा, म्हणजे रोज बदलणार नाही. ब्रिजसाठी होस्टला लॅनची केबल हवी. वायफायचं अ‍ॅक्सेस पॉइंट सहसा जोडलेल्या एकाच मॅक पत्त्याची (नेटवर्क कार्डाच्या ओळखक्रमांकाची) फ्रेम स्वीकारतं, त्यामुळे त्याच कार्डामागून बोलणारं दुसरं मशीन अनेकदा गप्पच राहतं.

आता प्रत्यक्ष मांडणी पाहू. समजा घरचं नेटवर्क १९२.१६८.५७.०/२४ आहे (म्हणजे पत्त्यातले पहिले तीन आकडे सगळ्यांचे सारखे), व्हीएमचा पत्ता १९२.१६८.५७.२०, आणि होस्टवर लिनक्स आहे. तिसऱ्या आकड्यात ५७ मुद्दाम घेतला आहे. बहुतेक राउटर ० किंवा १ देतात, आणि तुम्ही जिथे उतरलात तिथलं नेटवर्कही तेच असलं की लॅपटॉप व्हीएमला समोरच्याच खोलीत शोधत बसतो. बोगद्यासाठी वेगळे पत्ते घ्या: होस्टला १०.७३.४१.१, लॅपटॉपला १०.७३.४१.२.

प्रत्येक उपकरणावर त्याची स्वतःची चाव्यांची जोडी (दुसऱ्या टोकाला द्यायची सार्वजनिक आणि स्वतःजवळ ठेवायची खासगी) बनवा. चावी म्हणजे ३२ बाइटची संख्या. लिहिल्यावर ती ४४ अक्षरांची दिसते आणि शेवटी बरोबरचं चिन्ह असतं. खासगी चावी त्या उपकरणाबाहेर कधीच जाऊ देऊ नका, ईमेलने स्वतःलाही नाही. लॅपटॉप आणि फोन यांना एकच जोडी देण्याचा मोह टाळा. वायरगार्ड ज्या पत्त्यावरून शेवटचं खरं पॅकेट आलं तिकडेच उत्तर पाठवतं, त्यामुळे दोन्ही उपकरणं एकाच वेळी चालू असली की जोडणी या दोघांत हेलकावे खात राहते. शिवाय फोन हरवला तर फक्त त्याची चावी काढून टाकायची सोय उरत नाही.

होस्टच्या फाइलमध्ये लॅपटॉपच्या नोंदीखाली ‘अलाउड आयपीज’ या ओळीत १०.७३.४१.२/३२ लिहायचं (/३२ म्हणजे नेमका तो एकच पत्ता). लॅपटॉपच्या फाइलमध्ये होस्टच्या नोंदीखाली त्याच ओळीत १०.७३.४१.१/३२ आणि १९२.१६८.५७.२०/३२. राउटरमध्ये यूडीपी ५१८२० हे एकच पोर्ट होस्टकडे वळवा आणि आधी उघडलेली ३३८९, २२ वगैरे सगळी बंद करा. यूपीएनपीही बंद करा, नाहीतर घरातलं एखादं अ‍ॅप न विचारता स्वतःसाठी पोर्ट उघडून बसतं.

‘अलाउड आयपीज’च्या ओळीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. लॅपटॉपवर फक्त व्हीएमचा पत्ता लिहिला म्हणजे लॅपटॉपला घरातलं बाकी काही दिसणार नाही, असं नाही. ती ओळ लॅपटॉपने काय बोगद्यात घालायचं एवढंच ठरवते, आणि ज्याच्या हाती लॅपटॉप आहे तो ती केव्हाही बदलू शकतो. खरा अटकाव होस्टच्या फायरवॉलवर हवा: बोगद्यातून आलेलं पॅकेट व्हीएमच्या पत्त्यावर, ठरलेल्या पोर्टकडेच पुढे जाईल, बाकी सगळं बंद. व्हीएम रिस्टार्ट करायला होस्टवरही यायचं असेल तर होस्टच्या एसएसएचला वेगळी परवानगी द्या.

सगळं मांडल्यावर पहिली चाचणी फोनच्या मोबाइल डेटावर करा. घरच्या वायफायवरून केलेली चाचणी फसवी असते. कित्येक राउटर आतून बाहेर जाऊन परत आत येणारा रस्ता देतच नाहीत, तर काहींमध्ये तो चालतो आणि बाहेरून मात्र काही चालत नाही. होस्टवर ‘डब्ल्यूजी शो’ ही आज्ञा दिली की शेवटचा हॅण्डशेक (दोन टोकांनी एकमेकांची ओळख पटवणं) किती वेळापूर्वी झाला ते दिसतं. वाहतूक चालू असेल तर दर दोन मिनिटांनी तो नवा होतो.

हॅण्डशेकची ओळच नसेल तर पॅकेट घरापर्यंत पोचत नाही, किंवा चावी चुकली आहे. हॅण्डशेक आहे, होस्ट सापडतो, पण व्हीएम सापडत नाही, हा सगळ्यात जास्त वेळ खाणारा दोष. आधी होस्टवर पॅकेट फॉरवर्डिंग (एकीकडून आलेलं पॅकेट दुसरीकडे पुढे पाठवणं) चालू आहे का ते पाहा. ते चालू असेल तर गडबड परतीच्या वाटेत आहे: व्हीएमला पॅकेट मिळतं, ते उत्तर देतं, पण १०.७३.४१.२ कुठे आहे हे त्याला माहीत नसल्याने ते उत्तर राउटरकडे देतं, आणि राउटरलाही ते माहीत नसतं. राउटरमध्ये एक स्थिर मार्ग लिहा, की १०.७३.४१.०/२४ साठी होस्टकडे जा. ते जमत नसेल तर होस्टवर मास्करेड (बोगद्यातून आलेल्या पॅकेटवर होस्टचाच पत्ता लावणं) लावा.

कधी वेगळाच प्रकार दिसतो: एसएसएच जोडलं जातं, छोट्या आज्ञा चालतात, पण मोठी फाइल दाखवायला सांगितली की पडदा गोठतो. हा पॅकेटच्या आकाराचा दोष. वायरगार्डचं स्वतःचं वेष्टन ६० ते ८० बाइट घेतं, म्हणून १५०० च्या जागी १४२० ही मर्यादा सहसा ठेवली जाते. वाटेत आणखी एखादं वेष्टन असलं की तीही जास्त होते. दोन्ही टोकांना एमटीयू (पॅकेटच्या आकाराची ही मर्यादा) १२८० करून पाहा.

राउटरवरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर इंटरनेट पुरवणाऱ्याने अनेक घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलं आहे आणि पोर्ट फॉरवर्डिंगचा काही उपयोग नाही. मग आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा पत्ता) मिळतो का ते पाहा, किंवा सार्वजनिक पत्ता असलेला छोटा सर्व्हर भाड्याने घ्या आणि घरच्या होस्टलाच त्याच्याकडे जोडणी करू द्या, दर २५ सेकंदांनी एक जिवंतपणाचं पॅकेट पाठवत. अशा मांडणीत त्या सर्व्हरवर बोगदा उलगडून पुन्हा बांधला जातो, म्हणून आत एसएसएच किंवा रिमोट डेस्कटॉपचं स्वतःचं एन्क्रिप्शन असायलाच हवं. टेलस्केलसारखी सेवा वायरगार्डच वापरते आणि ही खटपट वाचवते; पण तिथे खात्याचा ताबा म्हणजे नेटवर्कचा ताबा, तेव्हा त्या खात्यावर दुहेरी पडताळणी हवीच.

बोगद्याच्या आतही सैल सोडू नका. एसएसएचमध्ये पासवर्डने प्रवेश आणि रूटचा (सर्वाधिकारी खात्याचा) थेट प्रवेश बंद करा, एड२५५१९ प्रकारची चावी वापरा. ही सेटिंग बदलताना चालू असलेली खिडकी बंद न करता दुसऱ्या खिडकीतून आत जाता येतं का ते पाहा, मगच पहिली सोडा. विंडोजची होम आवृत्ती रिमोट डेस्कटॉपचं यजमानपद घेत नाही, त्यासाठी प्रो लागते.

उरली वीज. होस्टचं स्लीप बंद करा, व्हीएम आपोआप सुरू होईल असं ठेवा आणि बायोसमध्ये वीज परतल्यावर मशीन ‘नेहमी चालू’ व्हावं हा पर्याय निवडा. ‘आधीच्या स्थितीत’ हा पर्याय निवडला आणि मशीन वीज जाण्याआधी नीट बंद झालेलं असेल, तर ते बंदच राहतं. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर बूट होताना पासवर्डची वाट पाहत मशीन तिथेच थांबतं, हेही आधी लक्षात घ्या. प्रवासाला निघण्याच्या आदल्या दिवशी होस्ट नीट शटडाउन करा, प्लग काढा, मिनिटभराने लावा, आणि कीबोर्डला हात न लावता मोबाइल डेटावरून व्हीएमपर्यंत पोचता येतं का ते पाहा.