फ्रेंच पुरातन खुर्ची (मराठवाड्यातील गृहसजावटीत)

फ्रान्समध्ये मुख्यतः अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत घडलेली, हात असलेली, गादी मढवलेली खुर्ची. फ्रेंचमध्ये तिला ‘फोतय’ म्हणतात. फोतयच्या हातांखालची बाजू मोकळी असते. तीच बाजू कापडाने बंद केली आणि बैठकीवर सुटी उशी ठेवली की ती ‘बर्झेर’ होते. आपल्याकडे आरामखुर्ची म्हटले की ओसरीवरची, लांब हातांची, दुपारी रेलून पडायची खुर्ची आठवते. फोतय त्या जातीची नव्हे. तिच्यात माणूस सावरून बसतो. शंभर वर्षे झालेली वस्तू पुरातन, असा बाजाराचा सर्वसाधारण दंडक आहे. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यातही बहुतेक वस्तूंना शंभर वर्षांचीच अट आहे.

काळ ओळखायचा तो आधी पायांवरून. फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाच्या कारकिर्दीतील (१६४३–१७१५) खुर्ची उंच, सरळ पाठीची. तिचे पाय आडव्या पट्ट्यांनी एकमेकांना बांधलेले. पंधराव्या लुईच्या काळात (१७१५–१७७४) पाय बकरीच्या पायासारखे वळले, पट्ट्या गेल्या आणि हात बैठकीच्या पुढच्या कडेपासून मागे सरकले. बायकांच्या फुगीर घेरांना जागा हवी होती म्हणून. नऊवारी नेसून बसणाऱ्या आजीबाईंनाही ही सोय बरी पडते. सोळाव्या लुईच्या वेळी (१७७४–१७९२) हर्क्युलेनियम व पॉम्पेई या गाडल्या गेलेल्या रोमन शहरांच्या उत्खननांमुळे रोमन वळणाची गोडी लागली होती. पाय सरळ, निमुळते व खोबणीदार झाले, पाठ बऱ्याचदा लंबगोल झाली. नेपोलियनच्या काळात महॉगनीचे लाकूड आणि स्फिंक्सची (सिंहाचे धड व माणसाचे डोके असलेल्या इजिप्शियन मूर्तीची) मुंडकी आली. सांगाडा बहुधा बीच या युरोपीय झाडाच्या किंवा अक्रोडाच्या लाकडाचा. पॅरिसच्या सुतारसंघाने अठराव्या शतकाच्या मध्यापासून कारागिराला स्वतःच्या नावाचा ठसा मारणे बंधनकारक केले. १७९१ मध्ये असे संघच बरखास्त झाले. झॉर्ज जाकोब (१७३९–१८१४) हा त्या काळचा नामवंत खुर्चीकार. ठसा मात्र खोटाही मारता येतो, म्हणून केवळ त्यावर भरवसा ठेवून पैसे मोजू नयेत.

मराठवाड्यात ‘लुई’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या खुर्च्यांपैकी बहुतेक सागवानी किंवा शिसवी नकला असतात. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि हैदराबादच्या उमरावांची विलायती आवड बघून इथल्या देवड्यांतही (उमरावी वाड्यांतही) तसे फर्निचर आले. फोतयच्या घराण्यातली सर्वांत दूरची नात म्हणजे लग्नाच्या स्टेजवरची सोनेरी, लाल मखमलीची नवरा-नवरीची खुर्ची. पाय पंधराव्या लुईचे, आत फोम. नक्कल वाईट असतेच असे नाही. किनवटकडच्या सागाची जुनी नक्कल आपल्या हवेला बीचपेक्षा चांगली टिकते. फक्त ती मूळ म्हणून विकत घेऊ नये. खुर्ची उलटी करून पाहावी. अठराव्या शतकातील कामात आतली बाजू ओबडधोबड, रंध्याच्या आणि पटाशीच्या खुणांची असते. बैठकीत स्प्रिंगा असतील तर खुर्ची एकोणिसाव्या शतकातली, नाहीतर तिची गादी तरी नंतर बदललेली.

मराठवाड्याच्या दृष्टीने या खुर्चीतली सर्वांत कामाची गोष्ट म्हणजे तिची ‘चासी’. ट्रकच्या सांगाड्याला आपण जो शब्द वापरतो, तोच हा फ्रेंच शब्द. खुर्चीत त्याचा अर्थ गादी बसवलेली सुटी चौकट. श्रीमंत फ्रेंच घरांत बैठक आणि पाठ अशा चौकटींवर मढवत, म्हणजे हिवाळ्याचे जाड कापड काढून उन्हाळ्याचे हलके चढवता येई. मराठवाड्याइतका या युक्तीचा उपयोग पॅरिसलाही झाला नसेल. मार्च ते जून पांढरी किंवा चौकडीची सुती खोळ आणि दिवाळीनंतर हिमरू, असे दोन जोड करावेत. औरंगाबादी (आता छत्रपती संभाजीनगर) हिमरूचा ताणा सुती व बाणा रेशमी असतो. त्यातली वेलबुट्टी फ्रेंच कोरीवकामाशेजारी उपरी वाटत नाही. पण ते नाजूक असल्याने मागून मांजरपाटाचे अस्तर लावूनच ताणावे, आणि रोज टेकायच्या जागी वापरूच नये. पैठणीचा काठ कापून पाठीवर लावण्याची टूम निघाली आहे; त्यात पैठणीही जाते आणि खुर्चीही.

विणलेल्या वेताची फोतय मिळाली तर गादीवालीपेक्षा ती घ्यावी. आशियातून समुद्रमार्गे आलेला वेत फ्रेंच सुतार सतराव्या शतकाच्या अखेरीपासून वापरू लागले. एप्रिलच्या दुपारी मखमलीवर बसून पाहिलेल्याला याहून जास्त सांगावे लागत नाही.

हवेचा धोका उन्हापेक्षा चढउताराचा आहे. उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसते, पावसाळ्यात फुगते. खाचेत बसवलेले कुसू आणि सरसाने जोडलेले सांधे यामुळे सैल पडतात. खुर्ची कुलरच्या तोंडासमोर तर मुळीच ठेवू नये. सैल सांध्यात खिळा ठोकणे हा सुताराचा नेहमीचा झटपट उपाय. तो करू देऊ नये. सांधा उघडून जुना सरस कोमट पाण्याने काढावा व पुन्हा सरसानेच जोडावा, म्हणजे पुढच्या पिढीलाही तो उघडता येतो. भराव मुळात घोड्याच्या केसांचा. पिंजाऱ्याकडून कापूस भरून घेतल्यास तो वर्षभरात गोळे होऊन बसतो; काथ्या त्यापेक्षा बरा.

जुन्या मुलाम्यावर किंवा रंगावर ‘फ्रेंच पॉलिश’ मारू नये. हा शब्द आपल्या प्रत्येक पॉलिशवाल्याच्या तोंडी असला तरी लाखेचे हे पॉलिश एकोणिसाव्या शतकात रुळले. त्याआधीच्या खुर्च्यांना मेण, रंग किंवा सोनेरी वर्ख असे. फ्रेंच पॉलिशमधली लाखही बरीचशी भारतातूनच जाई.

मांडणीचे दोन प्रकार फ्रेंचांनीच ठरवून ठेवले आहेत. सपाट पाठीची खुर्ची भिंतीला टेकून, जसे आपल्या दिवाणखान्यात लोड-तक्के. गोलसर पाठीची हलकी खुर्ची गप्पांच्या सोयीने कुठेही सरकवायची. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये सोफासेटसमोर दुसऱ्या प्रकारची एकच पुरे. दोन ठेवल्या की पाहुणे कुठे बसावे म्हणून थबकतात, चार ठेवल्या की लग्नाचे स्टेज होते. खोलीच्या मधे ठेवलेल्या खुर्चीची पाठ मागूनही दिसते. जुन्या फ्रेंच खुर्च्यांच्या पाठीमागे अनेकदा साधे चौकडीचे स्वस्त कापड असे, आणि तेच तिथे शोभते.